रुस्तम पाशा मशिदीतला तो लाल रंग घरच्या भट्टीत तपकिरी का होतो

तुमचा प्रश्न दोनदा वाचला, फोटोही मोठे करून बघितले. बाकीच्यांना संदर्भ कळावा म्हणून थोडक्यात परत मांडते. तुम्ही इस्तंबूलला जाऊन आलात, तिथे रुस्तम पाशा मशिदीत इझनिक गावच्या जुन्या टाइल्स बघितल्या, ट्यूलिपच्या पाकळ्यांवरचा लाल भिंतीतून वर उठून आल्यासारखा दिसला आणि तो काही डोक्यातून जाईना. घरी येऊन टेराकोटाच्या टाइलवर पांढरा लेप दिलात, त्यावर विकतचा लाल अंडरग्लेझ, म्हणजे ग्लेझखाली द्यायचा रंग, वरून दुकानातलं पारदर्शक ग्लेझ, म्हणजे भट्टीत वितळून काचेसारखा होणारा थर, आणि इलेक्ट्रिक भट्टीत १०६० डिग्री. तीन वेळा केलंत, तीनही वेळा लालाचा तपकिरी झाला, वर ग्लेझला केसासारख्या बारीक चिरा. आणि विचारलंय की त्यांचा तो लाल नेमका कुठला होता आणि आज तो कुठे मिळेल.

मी गेली बावीस वर्षं सिरॅमिकचं काम करतेय, सुरुवात जयपूरला ब्लू पॉटरी शिकून झाली, आता पुण्याजवळ छोटा स्टुडिओ आहे. इझनिकच्या लालामागे मी स्वतः चार-पाच वर्षं घालवलीत, त्यामुळे तुमची तगमग मला अगदी कळते. पण एक गोष्ट आधीच सांगते, तुम्ही तो लाल रंगाच्या डबीत शोधताय आणि तिथे तो सापडणार नाही. तो आहे थरांमध्ये. खालची टाइल कशाची, तिच्यावरचा लेप कशाचा, लाल किती जाड बसवला, वरचं ग्लेझ कोणत्या जातीचं आणि भट्टी किती तापली, या सगळ्यांचं एकमेकांशी जमलं तर तो लाल राहतो, नाहीतर जातो. यातली एकच गोष्ट बदलून बघायची, मग दुसरी, असं करत गेलात तर वर्ष जाईल आणि हाती काही लागणार नाही, हे मी अनुभवाने सांगतेय.

तुमच्यासाठी नेमकं काय लागू होईल हे मात्र तुमची भट्टी किती हळू तापते, पाणी कसं आहे, क्वार्ट्झ, म्हणजे आपली गारगोटी, किती बारीक दळलेला मिळतो यावर ठरेल. तेव्हा मी रेसिपी देत नाही, कारण सांगते. कारण कळलं की रेसिपी तुम्ही स्वतः बसवाल.

आधी त्या मशिदीबद्दल, कारण उत्तर तिथल्याच भिंतींवर आहे. रुस्तम पाशा हा ऑटोमन सुलतान सुलेमानचा वजीरे-आझम, म्हणजे मुख्य प्रधान, आणि जावईसुद्धा, सुलेमानची मुलगी मिहरिमाह ही त्याची बायको. एक गोष्ट सांगतात की लग्न ठरत असताना कोणीतरी अफवा उठवली की याला महारोग आहे, मग तपासणीत त्याच्या कपड्यात ऊ सापडली, आणि महारोग्याच्या अंगावर ऊ राहत नाही अशी तेव्हाची समजूत, म्हणून लग्न पार पडलं. त्यावरून लोक त्याला नशिबाची ऊ म्हणायचे. तो १५६१ मध्ये वारला आणि मशीद त्याच सुमारास, १५६१ ते १५६३ च्या दरम्यान उभी राहिली. वास्तुकार मिमार सिनान, म्हणजे त्या काळातला सगळ्यात मोठा माणूस. जागा एमिनोन्यूच्या बाजारपेठेत, मसाला बाजाराच्या अगदी शेजारी. गल्लीचं नावच चटईवाल्यांची गल्ली असं आहे. त्या गर्दीत मशीद जमिनीवर बांधली असती तर दुकानांमध्ये बुडाली असती, म्हणून सिनानने खाली दुकानं आणि वखारी काढल्या आणि त्यांच्या डोक्यावर ओटा करून मशीद बसवली. दुकानांच्या भाड्यातून मशिदीचा खर्च निघायचा. तुम्हीही तो अरुंद जिना चढून गेला असणार, खाली भाजलेल्या कॉफीचा वास आणि हमालांचा आरडाओरडा, आणि वर आलं की एकदम शांत अंगण.

आत घुमट साधारण १५ मीटर व्यासाचा, आठ आधारांवर उभा, त्यातले चार खांब मोकळे. मशीद फार मोठी नाही. पण टाइल्स बघा, ओसरीच्या भिंतीपासून आतल्या खांबांपर्यंत, मिहराबपासून, म्हणजे नमाजाची दिशा दाखवणाऱ्या कोनाड्यापासून, वर सज्जापर्यंत, जवळजवळ ८० वेगवेगळ्या नक्षी एका इमारतीत आहेत. सिनाननेच त्याच्या आधी सुलेमानिया मशीद बांधली, ती १५५७ ला पुरी झाली, तिथे टाइल्स फक्त किब्ल्याच्या, म्हणजे मक्केच्या दिशेच्या, भिंतीपुरत्या, हात राखून लावल्यात. इथे हात मोकळा सोडलाय. काही जाणकार म्हणतात जरा जास्तच झालं, नक्षीला नक्षी भिडते, डोळ्याला विसावा नाही. मला तसं वाटत नाही. माझ्यासारख्या हाताने काम करणाऱ्या माणसाला ही इमारत म्हणजे एका गावाने एका दशकात काय काय करून बघितलं त्याची वहीच वाटते.

आणि ते दशक महत्त्वाचं आहे. इझनिक हे इस्तंबूलच्या आग्नेयेला तळ्याकाठचं गाव, जुनं नाव निकिया. पंधराव्या शतकाच्या शेवटापासून तिथे पांढऱ्यावर कोबाल्टच्या निळ्याचं उत्तम काम व्हायचं. मग त्यात फिरोजी आला, मग जांभळट आणि मळकट हिरवा. लाल नव्हता. टाइल्सवर तो पहिल्यांदा ठसठशीत दिसतो तो सुलेमानियात, म्हणजे १५५७ च्या आसपास. रुस्तम पाशा त्यानंतर पाच-सहा वर्षांत. म्हणजे तुम्ही जो लाल बघितलात तो मुरलेला, पिढ्यान्‌पिढ्यांचा लाल नाहीये, नुकताच हाती लागलेला आहे, आणि कारागिरांना तो अजून पुरता वश झालेला नाही. हे मी अंदाजाने म्हणत नाहीये, भिंतीवर दिसतं.

दुसऱ्यांदा गेले तेव्हा मी दुपारी तिथे तीन तास बसून होते, नमाजाची वेळ आली की बाहेर अंगणात, मग परत आत. एका खिडकीच्या बाजूला साधारण डोळ्याच्या उंचीवर ट्यूलिपची एक टाइल होती आणि ऊन तिरकं येत होतं. त्या उन्हात लाल पाकळीची सावली पडलेली दिसली. अगदी बारीक, नखाच्या कडेएवढी, पण सावली. म्हणजे लाल तिथे उंच आहे, निळा आणि फिरोजी सपाट आहेत. पाकळीच्या मधोमध रंग पिकल्या टोमॅटोसारखा, आणि टोकाला, जिथे कुंचला उचलला तिथे थर पातळ झालाय, तिथे तो चहासारखा तपकिरी. एकाच पाकळीत! तुमच्या फोटोतल्या टाइलचा रंग आणि त्या टोकाचा रंग शेजारी ठेवून बघा, हुबेहूब तोच आहे. तुमचं जे चुकलं ते त्यांचंही त्या टोकाला चुकलं होतं. म्हणून म्हटलं उत्तर भिंतीवर आहे.

आता ते का होतं. हा लाल म्हणजे लोहयुक्त माती, तिला आर्मेनियन बोल म्हणतात. आपल्या ओळखीचं सांगायचं तर गेरूची चुलत बहीण. तुळशीवृंदावनाला लावतो तो गेरू, वारलीच्या भिंतीला लावतात तो गेरू, त्यातला लाल ज्या लोहाच्या ऑक्साइडचा त्याच घराण्यातलं हे. निळ्यासाठी कोबाल्ट वापरतो, तो ग्लेझमध्ये विरघळला तरी निळाच राहतो, उलट विरघळूनच तो चमकतो. फिरोजीचं तांबंही तसंच, विरघळून रंग देतं. लोहाचं उलटं आहे. लोह ग्लेझमध्ये विरघळलं की लाल संपला, मग पिवळट, मधासारखा, नाहीतर तपकिरी. लाल राहायचा तर लोहाचे कण ग्लेझच्या खाली न विरघळता जसेच्या तसे शिल्लक राहिले पाहिजेत. आणि शिशाचं ग्लेझ तर मोठं खादाड, समोर येईल ते खातं.

मग इझनिकवाल्यांनी काय केलं, रंग म्हणून पातळ पाणी न लावता मातीचा जाड लेपच बसवला. लाल मातीत बारीक क्वार्ट्झ मिसळलेला, दाट, कुंचल्याने टिपके टिपके ठेवून चढवलेला. वरून ग्लेझ येतं, वितळतं, लेपाचा वरचा पापुद्रा खातं, पण आतला गाभा शिल्लक राहतो, आणि तो गाभा तुम्हाला लाल दिसतो. म्हणजे तो जो उठाव तुम्हाला इतका आवडला तो सजावटीसाठी केलेला नाही, रंग वाचवण्यासाठी केलेला आहे. उठाव नसेल तर लाल नसेल. तुम्ही डबीवरच्या सूचनेप्रमाणे दोन कोट दिलेत ना, त्या दोन कोटांना ग्लेझने सगळंच खाल्लं.

पण जाडी वाढवली म्हणजे झालं असंही नाही, आणि इथे माझी स्वतःची दोन वर्षं गेलीत म्हणून जरा सविस्तर लिहिते. जाड लेप सुकताना आकसतो, खालच्या टाइलपेक्षा जास्त आकसला तर पापडासारखा उचलला जातो, किंवा भट्टीत ग्लेझ त्याच्यावरून सरकून बाजूला गोळा होतं आणि लाल उघडा, कोरडा, विटेसारखा राहतो. निव्वळ गेरू लावला तर हे हमखास होतं. त्यात क्वार्ट्झ घातला की आकसणं कमी होतं, पण फार घातला तर रंग फिका, गुलाबीकडे. मी आपल्याकडचा गेरू वस्त्रगाळ करून, पाण्यात निवळून, वरची साय तेवढी घेऊन, मग त्यात क्वार्ट्झ आणि अगदी चिमूटभर फ्रिट, म्हणजे वितळवून दळलेली काच, असं करत करत एका जागी आले. पण माझ्या गेरूत लोह किती आणि तुमच्या गेरूत किती हे वेगळं असणार, बाजारात तर कित्येकदा रंग घातलेला गेरू मिळतो, तो भट्टीत उडून जातो. आधी नुसता गेरू एका तुकड्यावर भाजून बघा. लाल राहिला तर पुढे जा.

आता खालची टाइल, कारण तुमच्या चिरांचं मूळ तिथे आहे आणि लोक नेमकं याच्याकडे दुर्लक्ष करतात. इझनिकची टाइल साध्या मातीची नसतेच. ती मुख्यतः दळलेल्या गारगोटीची असते, थोडी काच आणि थोडी पांढरी माती घालून चिकटवलेली. ही विद्या जुनी, इराणातल्या काशानच्या अबुल कासिम नावाच्या कुंभार घराण्यातल्या माणसाने १३०१ साली लिहून ठेवलंय, १० भाग गारगोटी, १ भाग काचेचं फ्रिट, १ भाग पांढरी माती. इझनिकने त्यात स्वतःचा बदल केला, फ्रिटमध्ये शिसं आणलं, पण मूळ कल्पना तीच. जयपूरच्या ब्लू पॉटरीचं नातंही याच घराण्याशी आहे, तिथेही क्वार्ट्झ, काच, मुलतानी माती, कतीरा गोंद असा लगदा असतो, चाकावर चढत नाही, साच्यात दाबावा लागतो. मी जयपूरला पहिल्या दिवशी तो लगदा हातात घेतला तेव्हा ओल्या रव्यासारखा वाटला, मातीची सवय असलेल्या हाताला तो ऐकतच नाही. इझनिकच्या टाइल्स साधारण २५ सेंटीमीटरच्या चौकोनी, एवढ्या मोठ्या आणि सपाट टाइल्स अशा हट्टी लगद्याच्या बनवायच्या आणि त्या वाकू द्यायच्या नाहीत, हे रंगकामाइतकंच मोठं काम आहे, त्याबद्दल मात्र कोणी बोलत नाही.

तर गारगोटीच का? एक तर पांढरेपणा. वर त्याच जातीचा आणखी बारीक, आणखी स्वच्छ लेप देतात, मग पृष्ठभाग शंखासारखा पांढरा होतो आणि वरचं ग्लेझ पारदर्शक असल्याने रंगाला मागून उजेड मिळाल्यासारखा होतो. टेराकोटावर पांढरा लेप दिला तरी खालचा लालसरपणा थोडा डोकावतोच. पण त्याहून मोठं कारण प्रसरणाचं. भट्टी थंड होताना टाइलही आकसते, ग्लेझही आकसतं. ग्लेझ जास्त आकसलं तर ते ताणलं जातं आणि चिरतं, तुमच्या टाइलवर झालं तसं. क्वार्ट्झने भरलेली टाइल स्वतःच भरपूर आकसते, त्यामुळे ग्लेझ तिच्यावर घट्ट, दाबून बसतं. साडेचारशे वर्षांनंतर, आगी आणि भूकंप आणि दुरुस्त्या झेलून त्या टाइल्सचं ग्लेझ पाण्यासारखं नितळ दिसतं त्याचं कारण हे आहे. दुसरं कुठलं गुपित नाही.

आता ग्लेझ. मला विचाराल तर इझनिकची खरी हुशारी इथे आहे. तांब्यापासून फिरोजी हवा तर ग्लेझमध्ये सोडा भरपूर पाहिजे. शिसं जास्त झालं की तांबं हिरवं होतं. पण नुसतं सोड्याचं ग्लेझ पसरायला, जमायला कठीण आणि चिरायला सोपं, म्हणून शिसंही पाहिजे. त्यांनी दोन्ही घातलं, असं मोजून की फिरोजी फिरोजी राहील आणि ग्लेझ आरशासारखं वितळेल, आणि थोडं कथीलही घातलं, जे त्या ग्लेझमध्ये विरघळून जातं, पांढरं करत नाही. त्या एका ग्लेझखाली कोबाल्ट, तांबं, लोह आणि काळी रेघ, चौघांनाही नांदायचं आहे. काळी रेघ क्रोमयुक्त खनिजाची असते, ते खनिज विरघळत नाही म्हणून रेघ फुटत नाही, आणि म्हणूनच ट्यूलिपची कड इतकी कापल्यासारखी स्वच्छ दिसते. तुम्ही कोबाल्ट मिसळून केलेली रेघ फोटोत पसरलेली दिसतेय, ते याचमुळे.

भट्टी साधारण ९०० डिग्रीची, लाकडावरची. तुम्ही १०६० ला भाजताय, हा तुमच्या लालाला बसलेला शेवटचा धक्का. जितकं जास्त तापमान तितकं ग्लेझ जास्त वेळ पातळ, तितकं लोह जास्त खाल्लं जाणार. खाली या. त्यासाठी कमी तापमानाला वितळणारं फ्रिट शोधावं लागेल, आणि इथे थांबून दोन गोष्टी अगदी कळकळीने सांगते. कच्चं शिसं, शेंदूर, लिथार्ज वगैरे घरात आणूच नका. शिशाचं फ्रिट वापरायचंच असेल तर तयार, वितळवून दळलेलं घ्या, मास्क आणि हातमोजे घालूनच हाताळा, भट्टीची खोली वेगळी आणि हवेशीर हवी, आणि अशी टाइल फक्त भिंतीवर, ताट-वाटी-कप कधीच नाही. घरात लहान मूल असेल तर बोरॉनचं फ्रिट घ्या, रंगात थोडी तडजोड होईल, होऊ द्या. आणि क्वार्ट्झची पूड कोरडी झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा. ती धूळ फुप्फुसात गेली की राहते, सिलिकोसिस झालेले कारागीर मी जवळून बघितलेत.

कोणीतरी तुम्हाला सांगेल की एवढं कशाला, कॅडमियमचा बंदिस्त लाल स्टेन, म्हणजे कण कवचात बंद केलेली तयार रंगपूड, मिळतो, १२०० डिग्रीलाही लाल राहतो. मिळतो, आणि इस्तंबूलच्या दुकानातल्या पुष्कळ टाइल्सवर असाच काहीतरी भडक लाल असतो. वापरायला माझी ना नाही, घराच्या नावाची पाटी करायची असेल तर जरूर वापरा. पण तो सपाट असतो आणि कडेपासून कडेपर्यंत एकसारखा, त्याला ते जाड-पातळ श्वास घेणं नसतं. तुम्हाला जे डोक्यातून जाईना म्हणालात ते त्यात येणार नाही. दुकानांचा विषय निघालाच आहे तर, कोणी जुनी, खरी इझनिक टाइल म्हणून काही विकायला काढली तर हात लावू नका, तुर्कस्तानातून पुरातन वस्तू बाहेर नेणं हा तिथे गुन्हा आहे.

नक्षीबद्दलही थोडं लिहिते, कारण तुमचे ट्यूलिप मला जरा ताठ वाटले. राजवाड्याचा नक्काशखाना होता, तिथे नक्षी तयार व्हायची आणि इझनिकला जायची. कागदावर रेखाटन, रेघेवर सुईने टोचून भोकं, टाइलवर ठेवून वरून कोळशाच्या पुडीची पुरचुंडी आपटली की ठिपके उमटतात. आपली छापाची रांगोळी असते ना, तेच तंत्र. मग ठिपके जोडत कुंचला फिरतो. ठिपके सगळ्यांचे सारखे, पण रेघ ज्याची त्याची. रुस्तम पाशात एकाच नक्षीच्या दहा टाइल्स ओळीने बघितल्यात तर कळतं की इथे एकाहून जास्त हात आहेत, एकाची रेघ भरभर जाणारी, दुसऱ्याची जपून. तुमची रेघ जपून जाणारी आहे. ओल्या टाइलवर नको, आधी वर्तमानपत्रावर शंभर ट्यूलिप काढा, खालून वर, एका दमात, मनगट नाही तर कोपरापासून.

दोन घराणी आहेत या नक्षीत. एक साझ, म्हणजे लांब, दातेरी, वळलेली पानं, वाऱ्यात तलवारीसारखी, ती शैली दरबारात शाहकुलू नावाच्या तब्रीझकडून आलेल्या चित्रकाराने रुजवली. दुसरं कारा मेमीचं, तो त्याचाच शिष्य, त्याने बागेतली ओळखू येणारी फुलं आणली, ट्यूलिप, गुलाब, कार्नेशन, हायसिंथ. रुस्तम पाशात दोन्ही एकत्र नांदतात, कित्येकदा एकाच टाइलवर, साझचं पान वळून ट्यूलिपच्या देठामागून जातं. ट्यूलिपचे प्रकार मोजणारे तिथे चाळीसच्या आसपास सांगतात. ट्यूलिपला तुर्कीत लाले म्हणतात आणि अरबी लिपीत लाले आणि अल्लाह ही एकाच अक्षरांची नावं आहेत, अक्षरांच्या जागा तेवढ्या बदलतात, प्रत्येक अक्षराला ठरलेला अंक देऊन बेरीज केली तर दोन्हींची ६६ येते. प्रार्थनेच्या जागी हे फूल इतकं का, याचं एक कारण हे सांगतात. आणखी एक नक्षी तुम्हाला ऑटोमन कापडांवर आणि टाइल्सवर दिसली असेल, तीन गोळे आणि खाली वाघाच्या पट्ट्यांसारख्या दोन लाटा. तिला आज कलेच्या पुस्तकांत चिंतामणी म्हणतात. हो, आपलाच शब्द, थेऊरच्या गणपतीचा. बौद्ध चित्रांतून मध्य आशियामार्गे ती खूण पश्चिमेला गेली असं मानतात.

आणखी दोन गोष्टी, परत जाल तेव्हा बघायला. घुमटाच्या आतली रंगीत नक्षी टाइल्सच्या काळातली समजू नका, ती खूप नंतरच्या दुरुस्त्यांमधली आहे, तिच्या रंगांवरून काही ठरवू नका. आणि बाहेरच्या एका दारावरच्या पॅनलमध्ये पाचूसारखा गर्द हिरवा दिसतो, आत तो कुठेच नाही, कारण ते पॅनल नंतर बसवलेलं आहे आणि तो हिरवा पुढच्या वर्षांतला. रंगांवरून काळ असा वाचता येतो.

काळाचं निघालं म्हणून, हा लाल टिकला किती? सन १५६० नंतरची तीसेक वर्षं तो शिखरावर होता. पुढे १६०९ ते १६१७ मध्ये सुलतान अहमद मशीद झाली, जिला सगळे ब्लू मॉस्क म्हणतात, तिच्यासाठी वीस हजारांवर टाइल्स इझनिकने दिल्या. सरकारने भाव बांधून दिलेले आणि बाहेर सगळं महाग होत चाललेलं, कारागीर काय करणार. सतराव्या शतकाच्या टाइल्सवर लाल हळूहळू तपकिरी होतो, निळा पसरतो, पांढरा मळतो. त्याच गावात, त्याच मातीवर, ज्यांच्या आजोबांनी हे जमवलं त्यांच्याच घरात. लेप जाड द्यायला लागणारा वेळ, क्वार्ट्झ बारीक दळायला लागणारी मजुरी, भट्टी सावकाश तापवायला लागणारं लाकूड, याला कोणी पैसे देईना तेव्हा लाल गेला. मला हे वाचून आणि नंतर ब्लू मॉस्कच्या भिंतींवर डोळ्यांनी बघून फार वाईट वाटलं होतं, आजही वाटतं.

तर आता तुमच्या पुढच्या भट्टीसाठी. टेराकोटा बाजूला ठेवा. क्वार्ट्झ, फ्रिट आणि पांढऱ्या मातीच्या लगद्याच्या छोट्या, तीन इंची टाइल्स साच्यात दाबून दहा-बारा करा, मोठ्या करू नका, वाकतील. पूर्ण सुकू द्या, पावसाळ्यात आठवडा लागला तरी घाई नको. त्यावर त्याच लगद्याचा चाळून बारीक केलेला लेप. मग प्रत्येक टाइलवर लालाच्या पाच पट्ट्या, पहिल्या पट्टीत एक थर, दुसरीत दोन, असं पाचवीपर्यंत, प्रत्येक थर सुकला की पुढचा. शेजारी कोबाल्टची एक रेघ आणि तांब्याची एक, म्हणजे ग्लेझ तिघांशी कसं वागतं ते एकाच तुकड्यावर दिसेल. निम्म्या टाइल्स ९०० ला, निम्म्या ९४० ला. टाइलच्या मागे पेन्सिलने नाही, लोहाच्या रंगाने नंबर घाला, पेन्सिल उडून जाते आणि मग कुठली कोणती ते कळत नाही.

बहुतेक पहिल्या दोन पट्ट्या चहासारख्या निघतील, पाचवी कदाचित सोलून येईल, आणि तिसऱ्या-चौथीत कुठेतरी तुम्हाला तो दिसेल. निघाल्या की खिडकीत तिरक्या उन्हात धरून फोटो काढा, समोरून फ्लॅश मारून नको, आणि इथेच टाका. पट्टीची सावली पडतेय का ते मला बघायचंय.